आजोबांना काय झालं?

तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळायचे, त्यांना काय झालं?’ आता बघा, सिग्नल तोडणाऱ्या प्रत्येकाला अपघात होत नाही. म्हणून सिग्नल तोडणं सुरक्षित ठरतं का? जोखीम म्हणजे वाढलेली शक्यता. एका अपवादाने ती खोटी ठरत नाही. तंबाखूच्या जोडीला दारू आली की ती बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते.

नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४च्या अहवालात तिला कर्करोगकारक म्हटलं आहे. सुपारीने गालाचं अस्तर आखडतं, तोंड पुरतं उघडेनासं होतं.

तेव्हा आजोबांवर भिस्त ठेवू नका. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर तोंड डॉक्टरांना दाखवा.