टेबल टेनिसचे टेबल : घरात बसेल का?

मिरकरवाड्यातून एका ताईंनी आरोग्य पानाकडे विचारणा केली आहे. मुलगा आठवीत, मुलगी सहावीत. शाळेत टेबल टेनिस खेळायला लागल्यापासून दोघांचा एकच हट्ट : घरी टेबल घ्या. ताई स्वतः बंदरावर मासळी निवडायला जातात. दोन वर्षांपासून त्यांना शुगर आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. पावसाळ्यात चालायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न. "पुढची खोली दहा बाय बारा आहे. परवडेल असे एखादे टेबल असेल तर सांगा. मीही खेळेन," असे त्या म्हणतात.

शेवटचे दोन शब्द वाचून आम्हाला फार बरे वाटले. मुलांसाठी काही घ्यायचे म्हटले की आई त्यात स्वतःला धरतच नाही. म्हणून हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

आधी माप. टेबल टेनिसचे नियमातले टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच असते. आपल्या भाषेत नऊ फूट बाय पाच फूट, उंची अडीच फूट. पण जागा तेवढी पुरत नाही. खेळणाऱ्याला मागे सरकायला दोन्ही टोकांना किमान पाच-सहा फूट हवेत. म्हणजे वीस फूट लांब आणि दहा-अकरा फूट रुंद अशी मोकळी जागा झाली. दहा बाय बाराच्या खोलीत पूर्ण टेबल मांडले तर कपाट, पलंग आणि माणसे बाहेर काढावी लागतील. दुकानदार हे सांगत नाही. तो टेबल घडी होते एवढेच सांगतो.

मग निराश व्हायचे का? मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हा खेळ सुरू झाला तोच मुळी जेवणाच्या टेबलावर. रात्रीचे जेवण आटोपले की ताटे उचलायची आणि खेळायला लागायचे. चेंडूच्या आवाजावरून त्याला पिंग पाँग हे नाव पडले. नियमातले माप स्पर्धेसाठी आहे. घाम यायला, हात-डोळ्यांचा मेळ बसायला आणि मुलांबरोबर हसायला सहा फूट बाय तीन फुटांचे टेबलही पुरते. बाराफुटी खोलीत ते मधोमध ठेवले तर दोन्ही टोकांना तीन-तीन फूट उरतात. तेवढ्यात जोराचे फटके मारता येत नाहीत, पण चेंडू अलीकडे-पलीकडे खेळवत ठेवता येतो. शुगरवाल्यांना नेमके तेच हवे. ओटी किंवा पडवी लांब असेल तर आणखी चांगले.

आता कोकणातली खरी अडचण, दमट हवा. बाजारातल्या बहुतेक स्वस्त टेबलांचा वरचा भाग एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डाचा असतो. लाकडाचा भुसा किंवा चुरा डिंकात दाबून केलेली ही फळी. पुण्या-सोलापुरात ती वर्षानुवर्षे टिकेल. रत्नागिरीत पावसाचे चार महिने आणि बारा महिने खारा वारा. फळीच्या कडेने ओल आत शिरली की ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगते आणि वाळली तरी पूर्ववत होत नाही. फुगलेल्या जागी चेंडू वेडावाकडा उडतो. लोखंडी पायांना रंग असला तरी स्क्रू आणि बिजागऱ्या आधी गंजतात, मग एक दिवस घडी उघडतच नाही. बंदराला लागून घर असेल तर हे फार लवकर होते.

म्हणून आमचे स्पष्ट मत : मिरकरवाड्यात घरासाठी स्वस्तातले तयार टेबल घेऊ नका, करून घ्या. प्लायवूडच्या दुकानात 'बीडब्ल्यूपी' म्हणजे मरीन प्लाय मागा. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो स्वतः पाहा. तोंडी खात्रीवर जाऊ नका. जाडी १८ किंवा १९ मिलिमीटर. सहा बाय तीनचा एक तुकडा म्हणजे १८ चौरस फूट. दुकानदार चौरस फुटाचा भाव सांगेल, त्याला १८ ने गुणा, प्लायचा खर्च कळेल. सुताराकडून तो मधोमध कापून घ्या, म्हणजे तीन बाय तीनचे दोन चौकोन होतात. प्रत्येकाला खालून लाकडी पट्ट्यांची चौकट आणि खाली अडीच फूट उंचीच्या लाकडी घोड्या. खेळून झाले की दोन्ही चौकोन भिंतीला टेकवून ठेवता येतात, एकटी बाई उचलू शकते. घोड्यांवर नुसते ठेवू नका, खालून खिट्टी किंवा बोल्ट असू द्या, नाहीतर लहान मूल लोंबकळले की सगळे अंगावर येईल. बंदरात होड्यांचे काम करणारा सुतार ओळखीचा असेल तर त्याच्याकडेच जा. खाऱ्या हवेत लाकूड कसे राखायचे हे त्याच्याइतके कुणाला कळत नाही.

रंग देताना कडांना दोन हात जास्त द्या, ओल तिथूनच शिरते. वरचा रंग गडद हिरवा किंवा निळा, पण चकचकीत नको. चकचकीत रंगावर चेंडू घसरतो आणि ट्यूबलाइट डोळ्यांत चमकते. फळ्याचा रंग चालतो. कडेने दोन सेंटिमीटरची पांढरी पट्टी ओढा. जाळीसाठी मिरकरवाड्यात पैसे खर्च करावेत असे आम्ही सांगणार नाही. जुन्या जाळ्याचा बारीक विणीचा पट्टा, दोन लाकडी खुंट्या आणि वरच्या काठाला पांढरी नाडी, झाले काम. मोठ्या टेबलावर जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच असते, छोट्यावर दोन-तीन सेंटिमीटर कमी ठेवा.

टेबल नवे असो, जुने असो की घरी केलेले, ते कसे आहे हे बघण्याची एक सोपी परीक्षा आहे. मुलांच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरा. तिच्या वरच्या टोकापासून चेंडू नुसता सोडा, दाबू नका. चांगल्या टेबलावर तो २३ सेंटिमीटरच्या आसपास उसळतो. मधोमध, कोपऱ्यात आणि सांध्याजवळ, तिन्ही ठिकाणी करून पाहा. नियमातल्या टेबलांनाही हीच कसोटी लावतात. १२ मिलिमीटरच्या पातळ फळीवर चेंडू मेल्यासारखा पडतो, म्हणून ती कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

बॅटच्या बाबतीत जास्त विचार नको. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा जपानचा हिरोजी साटो स्पंजची बॅट घेऊन आला आणि विजेता ठरला. तेव्हापासून बॅटवरचे रबर हे एक शास्त्रच झाले. आपल्याला त्याची गरज नाही. साधी रबरी बॅट घ्या, चेंडू मात्र ४० मिलिमीटरचेच घ्या.

पूर्ण मापाचे टेबल हवेच असेल तर त्याची जागा घर नव्हे, विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल. दहा-बारा घरांनी वर्गणी काढली तर एका घरावर भार पडत नाही. शाळा, क्लब, कंपन्या जुनी टेबले काढतात, तीही विचारून बघावीत. कडा फुगल्या आहेत का, चाकांना ब्रेक लागतो का, घडी उभी असताना ती अडकवणारी कडी शाबूत आहे का, एवढे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. उभे घडी केलेले टेबल जड असते, मुलाच्या अंगावर कोसळले तर जीवावर बेतू शकते. वंदनेच्या वेळेआधी टेबल घडी करून बाजूला लावायची जबाबदारी कुणाची, हेही आधीच ठरवा.

आणि वेळापत्रक. कॅरम असो की टेबल, चार दिवसांत ते वाढत्या वयाच्या मुलांच्या ताब्यात जाते आणि बायका-मुली दारातून बघून परत जातात, हे आम्ही अनेक हॉलमध्ये पाहिले आहे. म्हणून रोजचा एक तास बायकांचा आणि मुलींचा असे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. तो तास दुपारचा ठेवायचा की संध्याकाळचा, हे बायकांनाच ठरवू द्या. व्हीलचेअर वापरणारे कुणी वस्तीत असेल तर टेबलाचे पाय कडेला नकोत, आतल्या बाजूला हवेत. गुजरातच्या भाविना पटेलांनी टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये व्हीलचेअरवर बसूनच रौप्यपदक मिळवले.

आता ताईंच्या शुगरकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. १५० मिनिटे म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस. जेवणानंतर थोडी हालचाल केली तर साखर एकदम चढत नाही. दिवसभर वाकून मासळी निवडणाऱ्या, बर्फात हात घालणाऱ्या बाईला खांदे आणि कंबर मोकळी करायलाही हा खेळ बरा. मात्र गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी खेळू नये. थरथर, घाम किंवा अंधारी आली तर लगेच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. अनवाणी तर अजिबात खेळू नये. शुगरमध्ये पायाची जखम कळत नाही आणि पावसात लादी ओली असते, कॅनव्हासचे बूट हवेतच. छातीत दुखले, दम लागून बोलता येईना तर खेळ बंद करून तडक दवाखाना गाठावा. डॉक्टरांना आधी एकदा विचारून घ्यावे, हे वेगळे सांगायला नको.

राहिली खरेदीची वेळ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मुलांना घरात कोंडून घेणारे महिने हेच आणि हातात मजुरी नसलेले महिनेही हेच. तेव्हा हप्त्यावर टेबल घेण्याच्या मोहात पडू नका. काम एप्रिल-मेमध्येच करून घ्या, उन्हात रंगही नीट वाळतो. या वर्षी जमले नाही तर पाटावर जाळी बांधून मुलांना जमिनीवर बसून खेळू द्या, तेही वाईट नाही.

ताई, तुमच्या खोलीला सहा बाय तीनचे टेबल बसेल. खेळायला लागण्याआधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जातील, त्या सुमारास ती परत करा आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवा.