उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते?

मागच्या सुगीतली गोष्ट आहे. हदगावहून तामशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी शेतावर गेलो होतो. सोयाबीनची गंजी लागलेली, मळणी यंत्र ट्रॅक्टरला जोडून तयार, मजूर आलेले आणि आभाळ भरून आलेलं. शेतकरी मामा चावी फिरवत होते आणि सेल्फ नुसता टकटक वाजत होता.

"साहेब, गेल्या सालीच नवी बॅटरी घातली व्हती. दुकानदारानं फसवलं बघा."

"मामा, ट्रॅक्टर शेवटचा कधी चालवला होता?"

"पेरणी झाली अन् शेडमधी लावला. मग काम कुठं व्हतं त्याला?"

जूनअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे तीन महिन्यांच्या वर ट्रॅक्टर जागचा हलला नव्हता. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून वायरी जोडेपर्यंत दीड तास गेला, तेवढ्यात सर आली. ताडपत्री होती म्हणून गंजीचा वरचा थर भिजला आणि बाकीचं वाचलं. पण मजुरीचा दिवस बुडाला. दुकानदाराचा यात दोष नव्हता. बॅटरी वापराअभावी उतरली होती.

बॅटरी बसल्या जागी कशी उतरते?

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं गंधकाचं आम्ल असतं. ही रचना गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली आणि आजही ट्रॅक्टर, जीप, मोटार यांत मूळ तत्त्व तेच आहे. ट्रॅक्टर उभा असला तरी आतली क्रिया थांबत नाही. बॅटरी आपोआप हळूहळू उतरत राहते आणि उष्णता वाढली की हा वेग वाढतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, याचा अंदाज करावा.

त्यात बारीक गळती असते. मोटारीतलं घड्याळ, टेप, चोरीचा भोंगा, ट्रॅक्टरची एखादी सोललेली वायर, बॅटरीच्या माथ्यावर साचलेली आम्लाची ओल आणि धूळ यांतून थोडा थोडा करंट जातो. हिशोब करून पाहा. गळती फक्त ३० मिलीअँपिअर धरली तरी दिवसाला ०.७२ एएच खर्च होतात. ७५ एएचची बॅटरी ५२ दिवसांत अर्धी होते. मोटारीची ४० एएचची बॅटरी तर २८ दिवसांतच अर्ध्यावर येते.

खरं नुकसान पुढे आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर पांढरट क्षार चढून घट्ट होतो. तो ताजा असताना चार्जिंगने निघतो; महिनोन्महिने राहिला तर निघत नाही. म्हणून लोक म्हणतात, "चार्ज केली तरी धरत नाही."

उभा करताना एवढे करा

ट्रॅक्टर दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभा राहणार असेल, तर इंजिन बंद करून बॅटरीची उणे बाजूची वायर पान्ह्याने सोडवून बाजूला बांधून ठेवावी. काढताना उणे आधी, जोडताना उणे शेवटी, हा नियम पाळावा. याने गळती थांबते. मोटारीचं घड्याळ पुन्हा लावावं लागेल, एवढाच त्रास.

वायर सोडली तरी बॅटरी आपोआप उतरतच असते. म्हणून महिन्यातून एकदा ती चार्ज करून घ्यावी. वायर सोडायची नसेल तर आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास चालवावा. पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यात अर्थ नाही. सेल्फ मारताना खर्च झालेला करंटही तेवढ्यात नीट भरून निघत नाही.

टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवावे. सोड्याचं पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये. पुसून, वायरी घट्ट करून वर व्हॅसलीन लावावे.

पाण्याची पातळी पट्ट्यांच्या वर राहील इतकी ठेवावी. डिस्टिल्ड वॉटरच घालावे. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पट्ट्या खराब होतात. वरून अॅसिड घालू नये. सीलबंद बॅटरीला पाणी लागत नाही. पण उभी राहिली की तीही उतरते.

मोजून पाहा, अंदाज नको

साध्या मल्टिमीटरवर बारा व्होल्टची बॅटरी कळते. चार्जिंगनंतर किंवा इंजिन बंद केल्यावर काही तास थांबून मोजावे. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना सुमारे १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तसे दिसत नसतील तर आधी अल्टरनेटरचा पट्टा आणि वायरिंग तपासा, नवी बॅटरी घ्यायची घाई नको.

उतरलीच तर

चार्जिंग सावकाश करावे. ८० एएचच्या बॅटरीला आठ अँपिअर, म्हणजे साधारण दहावा हिस्सा. त्या वेळी पेटणारा हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली उघडी ठेवावी आणि जवळ बिडी-काडी पेटवू नये.

दुसऱ्या ट्रॅक्टरवरून सुरू करताना दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच असाव्यात. ट्रकची चोवीस व्होल्टची जोडणी लावू नये. आधी अधिकला अधिक जोडा. मग चांगल्या बॅटरीच्या उणेची वायर बंद ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावा. एकच बॅटरी चालू इंजिनवरून काढून दुसऱ्या ट्रॅक्टरला घालण्याची सवय काही गावांत आहे. त्यात अल्टरनेटर जळतो. अॅसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धुवून दवाखाना गाठा.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

मार्च २०२० च्या टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या असंख्य गाड्या नंतर बॅटरीअभावी सुरू झाल्या नाहीत, हे आठवत असेल. ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर, औजार बँकेचा ट्रॅक्टर यांचं तसंच होतं, कारण त्या सर्वांच्या आणि म्हणून कोणाच्याच नसतात. एका माणसाकडे जबाबदारी द्या आणि गाडी चालवल्याची तारीख वहीत लिहायला लावा. बाद बॅटरी भंगारात फोडू देऊ नका. शिसं विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी.

मामांनी यंदा पेरणी संपताच उणेची वायर सोडली आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जिंगला हदगावला आणायचं ठरवलं आहे. शेतकरी बंधूंनी सोयाबीन पिवळं पडू लागलं की काढणीआधी पंधरा दिवस ट्रॅक्टरची चावी एकदा फिरवून पाहावी, म्हणजे दुरुस्तीला वेळ हाती राहील.