'ईट' म्हणजे खाणे. पण प्रत्येक खाणे 'ईट' नव्हे!

इंग्रजी शिकताना 'ईट' हा शब्द अगदी सुरुवातीला येतो. ईट म्हणजे खाणे, हे आपल्या घरातले तिसरीचे मूलही सांगेल. तरीही मुलाखतीत वा कचेरीत याच सोप्या शब्दावर आपली शिकलेली मुले अडखळतात आणि कुणी हसले की कायमची गप्प होतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. मराठीतले 'खाणे' फार ऐसपैस आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

मराठी माणूस भाकरी खातो, मार खातो, शिव्या खातो, भाव खातो आणि खुर्ची मिळाली की कधीकधी पैसेही खातो! इंग्रजीत यातली फक्त भाकरी 'ईट' होते. मार खाल्ला म्हणजे 'ही गॉट अ बीटिंग'. लाच खातो म्हणजे 'ही टेक्स ब्राइब्ज'. तापाची गोळी खाल्ली, तर 'आय टुक अ टॅब्लेट' म्हणावे. तिथे 'ईट' शोभत नाही.

जेवणाबद्दल बोलतानाही इंग्रजीत 'हॅव' पुष्कळदा वापरतात. दुपारी सहकाऱ्याला 'जेवलात का?' विचारायचे, तर 'हॅव यू हॅड युवर लंच?' म्हणा. 'हॅव यू ईटन?' हेही बरोबरच. बाहेर हॉटेलात जेवणे म्हणजे 'ईट आउट'. या क्रियापदाची रूपे तीन : ईट, एट, ईटन. मात्र 'डिड' आला की मूळ रूपच ठेवायचे. 'डिड यू ईट?' बरोबर, 'डिड यू एट?' चूक.

काही ठिकाणी दोन्ही भाषा एकच वाट धरतात. गंज लोखंड खातो, तसाच तो इंग्रजीतही लोखंडाला 'ईट अवे' करतो. आजारपणाचा खर्च शिलकीला कुरतडू लागला, की तो 'ईट्स इन्टू सेव्हिंग्ज'. उदास मित्राला 'व्हॉट्स ईटिंग यू?' विचारतात, म्हणजे कसली काळजी तुला पोखरते आहे? पण सांभाळा! आपल्याकडे शब्द खाणे म्हणजे अस्पष्ट बोलणे. इंग्रजीत 'ईट युवर वर्ड्स' म्हणजे आपले बोलणे चुकले हे कबूल करून ते मागे घेणे.

आणि ही भाषा वाटते तितकी परकीही नाही. 'ईट' आणि संस्कृतातला 'अद्' हा धातू एकाच प्राचीन मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. आपला 'अन्न' हा शब्द याच 'अद्'पासून आला.

पालकहो, मुलांना सुटा शब्द पाठ करायला लावू नका. जमाखर्चासारखी वही घाला. डावीकडे घरातले मराठी वाक्य, उजवीकडे त्याचे इंग्रजी. रोज एकच क्रियापद, पण पाच वाक्यांसह. आणि मूल चुकले, तर हसू नका. बरोबर वाक्य सांगून त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. चुकत बोलणारा पुढे शिकतो, गप्प बसणारा तिथेच राहतो.