फ्लॉपी तीच, लिपी निराळी

कमोडोर ६४ वर भरलेली सव्वापाच इंची फ्लॉपी आयबीएम पीसीच्या ड्राइव्हमध्ये अगदी बेमालूम बसायची. ड्राइव्ह घरघरायचा, थांबायचा, पुन्हा घरघरायचा आणि शेवटी हात वर करायचा. १९८२ साली बाजारात आलेला कमोडोर हा घरगुती संगणक अमेरिका-युरोपातल्या लाखो घरांत पोहोचला होता. पुढे त्याच टेबलावर पीसी आला, तेव्हा जुनी पत्रं आणि हिशेब पलीकडे न्यायचे कसे, हा पेच पडला.

चकतीच्या बाहेरच्या कडेला घेर मोठा असतो, याचा फायदा कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हने उठवला होता. बाहेरच्या वर्तुळांत २१ कप्पे, आत सरकता सरकता १७. एकूण ३५ वर्तुळं, ६८३ कप्पे, प्रत्येकात २५६ बाइट. पीसीच्या ३६० केबी फ्लॉपीवर मात्र कुठेही बघा, वर्तुळामागे कप्पे ९च, प्रत्येकी ५१२ बाइटचे. त्यातच चुंबकीय खुणा उमटवण्याची रीतही वेगळी. पीसीतल्या नियंत्रक चिपला कमोडोरच्या खुणा म्हणजे निव्वळ खरखर.

मग उरली दोन्ही संगणकांना थेट जोडणारी वायर. कमोडोरचा पोर्ट ० ते ५ व्होल्टवर चालणारा, पीसीच्या सिरियल पोर्टला उणे-अधिक १२ व्होल्टच्या आसपासची सवय. म्हणून मध्ये अडॅप्टर. वायरीतल्या पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या तारांची अदलाबदल करायची, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागे. वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. अख्खी फ्लॉपी रिकामी करायला दीड तासाहून जास्त!

वाटेत अक्षरं गळू नयेत म्हणून शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेनसेन यांनी १९७७ मध्ये केलेली एक्समोडेम ही पद्धत कामी येई. १२८ बाइटचा गठ्ठा, सोबत त्याची बेरीज. बेरीज जुळली तर पोचपावती, नाही तर तोच गठ्ठा पुन्हा.

एवढं करून फाइल सुखरूप पोहोचली, तरी पत्र उघडल्यावर इंग्रजीतली मोठी अक्षरं भलतीच दिसत आणि छोटी मोठी होऊन बसत. कमोडोरचा अक्षरांचा तक्ता स्वतःचा होता: लेखनासाठीच्या मांडणीत ६५ हा आकडा तिथे छोटा ‘ए’, पीसीवर मोठा. ओळ संपल्याची खूण म्हणून कमोडोर नुसता १३ लिही, पीसीवरच्या डॉसला १३ आणि १० अशी जोडी लागे. खरी अडचण वायरीची नव्हतीच. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं, यावर दोघांचं एकमत नव्हतं.

मराठी डीटीपी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल म्हणजे गिचमिड. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण त्याआधीच्या फाइली अजून कपाटांतल्या सीडींवर पडून आहेत. तुमच्याकडे अशा असतील, तर त्यांचा मूळ फॉन्ट आधी शोधून ठेवा आणि सीडी वाचता येतेय तोवर मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या.