तपास लागो न लागो, निरोप पोचला पाहिजे

डिंभे धरणाच्या खाली घोड नदीच्या काठाकाठानं गेलं की शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी दिसत राहतात. या मोटारींच्या केबली रात्रीतून कापून नेल्या जातात. चोर आडोशाला वरचं प्लास्टिक जाळतात आणि आतली तांब्याची तार भंगारात घालतात. ऐन पाण्याच्या पाळीला केबल गेली, तर केबलीच्या किमतीपेक्षा पिकाचं नुकसान मोठं. तरीही सगळेच तक्रार द्यायला घोडेगावच्या पोलीस ठाण्यात येत नाहीत. "दिवस मोडायचा, अन् हाती काय लागणार?" हे या भागात अनेकांनी मला ऐकवलं. पोलिसांवरचा विश्वास खरा कळतो तो अशा लहान चोरीत.

अशाच एका चोरीचा पंचनामा जवळून पाहिला. हवालदारांनी केबलीचं उरलेलं टोक हातात घेऊन काप नीट पाहिला. मोटारीपासून रस्त्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावलं. लिहून झाल्यावर सगळा मजकूर सावकाश वाचून दाखवला, मग सह्या घेतल्या. केबल गेलेले म्हातारे शेतकरी तोवर तुटक उत्तरं देत होते. आपलं बोलणं जसंच्या तसं कागदावर आलेलं ऐकल्यावर ते म्हणाले, "साहेब, रात्री रस्त्याला एक टेम्पो थांबला होता." हे आधी का नाही सांगितलं, असं हवालदारांनी विचारलं नाही. "किती वाजले असतील, बाबा?" एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं.

सोबत गावचे पोलीस पाटील होते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमला जाणारा हा माणूस त्याच गावचा रहिवासी असावा लागतो. ठाण्यातल्या निरीक्षकाची मुदत साधारण २ वर्षं, अंमलदाराची एका ठिकाणी ५ वर्षं. साहेब बदलतात, पण कुठला बांध कधीपासून धुमसतोय, हे पाटलांना ठाऊक असतं. पण पाटलांनाही भावकी असते. वाद त्यांच्याच घराशी असेल तर गरिबानं कुणाकडे जायचं? म्हणून त्या भागाची जबाबदारी असलेल्या बीट अंमलदारानं ठाकर-कातकरी वस्तीवर स्वतः जाऊन बसलं पाहिजे, गुन्हा घडलेला नसतानाही.

पुणे ग्रामीण पोलिसांनी गावोगाव नेलेली ग्रामसुरक्षा यंत्रणाही गावातल्या ओळखीवरच चालते. चोर दिसला, बिबट्या वस्तीत शिरला, की एका माणसानं फोन करायचा. त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. आवाज ओळखीचा असला की माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. मात्र गावानं आपले नंबर विश्वासानं दिले तरच हा निरोप घरोघर पोचणार.

निरोपाचं मोल आंबेगाव तालुक्याला वेगळं सांगावं लागत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. गाव दिसत नाही, ही खबर बाहेर पोचली ती त्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या वाटेवरच्या माणसाची नजर आधी पोचते, यंत्रणा नंतर. म्हणूनच त्या माणसाला ठाण्याचा उंबरा परका वाटता कामा नये.

इथं कायदाही लोकांच्या बाजूनं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावं लागतं. केबलीचा चोर दरवेळी सापडेलच असं नाही, हे शेतकऱ्यालाही कळतं. तक्रार दिल्यानंतर कुणी तोंडच दाखवत नाही, याचंच त्याला वाईट वाटतं. "बाबा, अजून धागा लागला नाही, पण शोध सोडलेला नाही," एवढं सांगायला अंमलदार बांधावर गेला, तर पुढच्या वेळी टेम्पो थांबलेला दिसताक्षणीच फोन येईल. पोलिसांना हवी असलेली खबर ती हीच.