भुशीचं पाणी, मनाई आदेश आणि कलम १९

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यातल्या भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि हडपसरहून आलेल्या कुटुंबातले पाच जण वाहून गेले. लगोलग जिल्हाधिकाऱ्यांनी मावळसह पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढला: खोल पाण्यात उतरायचं नाही, धोक्याच्या जागी सेल्फी नाही, दारू नाही. आधार होता १ जुलैलाच लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा. म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४४ चा.

सरकारला असं अडवता येतं का?

येतं, पण मोजूनमापून. संविधानाच्या कलम १९ ने देशभर फिरण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांची सोयही तिथेच ठेवली. अमेरिकेत भाषण आणि सभेचं स्वातंत्र्य जपणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीत अशा निर्बंधांची यादी नाही. तिथे मर्यादा न्यायालयांनी निकालागणिक आखल्या. जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग कामगार संघटनेला सभा घेऊ देईनात, तेव्हा १९३९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने कौल दिला.

मावळात हा प्रश्न सहलीपुरता नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्कही कलम १९ मध्येच आहे.

२०२० मध्ये काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: कलम १४४ रास्त मतप्रदर्शन दडपायला वापरता येणार नाही, आदेशात कारणं हवीत आणि तो जाहीर करायला हवा, म्हणजे नागरिकाला न्यायालयात दाद मागता येईल.