विनामूल्य पाठ, आणि ते शोधण्याची खटपट

आमच्या सुरतेत लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांची कित्येक मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकतात. शिकवणीचा खर्च ज्यांस झेपत नाही, त्यांच्यासाठी इंटरनेटवर पुष्कळ साहित्य विनामूल्य आहे. त्यातून उपयोगाचे तेवढे निवडणे, हेच खरे कष्टाचे काम होय.

केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ 2017 साली सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड फोनने टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते. ‘बालभारती’ आपली पुस्तके विनामूल्य उतरवून घेऊ देते. मराठी विश्वकोशही खुला आहे.

मात्र येथे एक गफलत संभवते. सुरतेच्या मराठी शाळांचा अभ्यासक्रम गुजरातचा, ‘बालभारती’चा महाराष्ट्राचा. भाषा एक म्हणून खाते एक होत नाही, हे व्यापारी बंधूंस आम्ही काय सांगावे! गणित-विज्ञान समजून घेण्यास ‘बालभारती’ उत्तम. इतिहास-भूगोलाच्या परीक्षेस गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाचेच पुस्तक हवे.

पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कारखान्यात. दुकान वाढविल्यावर पेढीवरील संगणक तासभर या मुलांस मोकळा करून द्यावा, असे आम्ही सुचवितो. एकदा उतरवून घेतलेल्या पुस्तकास पुढे इंटरनेट लागत नाही, आणि हवी तेवढी पाने तेथेच छापून देता येतात.